लॉनमधलं तण

रिकामं बसवत नाही म्हणून तुळजाबाई रत्नागिरीला लेकीकडं कधी दोन दिवसांच्या वर टिकल्या नाहीत. या खेपेला मात्र घरापुढच्या लॉनमध्ये माजलेलं तण बघून त्यांनी खुरपंच मागवलं. समुद्राकाठची दमट हवा. आज उपटावं, तर चार दिवसांत पुन्हा हजर! "एवढं निघालं की मी अणदूरला जाते बघ," असं म्हणता म्हणता महिना सरला.

एका सकाळी जावई तणनाशकाचा पंप पाठीला अडकवून निघाले. लेक आडवी आली.

"अहो, फवारू नका! तण संपलं की माय लगेच निघंल."

खिडकीशी उभ्या तुळजाबाईंनी ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावून त्या हसल्या. त्या दिवसापासून त्या तण नुसतं वरवर खुडू लागल्या. मुळांना हातच लावला नाही.