शेवटचा हात

चमचा ओठांना लागला आणि डबलला कळलं, आजही तेच. सूप गोड होतं. नुसतं गोड नाही, नको नको होईल इतकं गोड.

"छान झालंय बाई," ती म्हणाली आणि रांगेतून पुढे सरकली.

अकराला खानावळीचं दार उघडण्याआधी सगळ्यांनी पातेल्यापुढे रांग लावायची, चमचाभर टोमॅटोचं सूप चाखायचं आणि कसं झालंय ते मोठ्या बाईंना सांगायचं, ही इथली तीस वर्षांची रीत. भाज्या कुणी का चिरेना, मीठ-साखरेचा शेवटचा हात ह्या मालकीणबाईंचाच. त्या हाताची ख्याती अशी, की माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाहून वाटीभर सुपासाठी येत. बाई स्वतः रांगेत नसत. पातेल्यामागे कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि चाखणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत. त्या नजरेपुढे भल्याभल्यांची गाळण उडे.

डबल हे नाव लंबूने ठेवलेलं. लंबू म्हणजे दुसरा आचारी, ताडमाड उंच आणि साखरपेरणीत पटाईत. ती दुप्पट जेवायची म्हणून डबल. वर्षापूर्वी वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालं, पंचेचाळीस किलो उतरले, ती निम्मी झाली, पण नाव काही उतरलं नाही. तिला त्याचं काही नव्हतं. पूर्वी कोठीच्या अठरा पायऱ्या चढताना ती दोनदा बसायची. आता कांद्यांची टोपली कडेवर घेऊन एका दमात वर यायची आणि वर आली की स्वतःशीच हसायची. एप्रनची नाडी आता कमरेला दोन वेढे घेऊन पुढे गाठ मारण्याइतकी उरायची.

जीभ मात्र परकी झाली होती. कॉफीचा वास नकोसा, अंडं नकोसं आणि गोडाशी तर उभा दावा. एके काळी अख्खा केक एकटीने फस्त करणारी डबल आता दोन घासांत घामाघूम होऊन खुर्ची शोधायची.

"चवी बदलतात," आहारतज्ज्ञ म्हणाल्या होत्या. "काहींच्या परत येतात, काहींच्या नाही."

आणि बाईंनी नेमकी हीच वेळ साधली. गुडघे दुखतात, तीन महिन्यांनी एका शनिवारी स्वयंपाकघर तुमच्यातल्याच एकाच्या हाती देणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. बावीस वर्षं डबल ह्याच दिवसाची वाट बघत होती. पण जिची जीभच फितूर, तिला पातेलं कोण देणार? म्हणून गेले तीन महिने ती रोज "छान" म्हणत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"अगं, सांगून टाक ना त्यांना," नवरा म्हणायचा.

"काय सांगू? आचाऱ्याला चव कळत नाही म्हणून?"

तो शनिवार उद्यावर येऊन ठेपला, त्या शुक्रवारी दुपारी भांडी घासणाऱ्या मावशी कुरकुरल्या. "हल्ली वाट्या अर्ध्या भरलेल्याच परत येतात. ओतून देताना जीव तुटतो माझा."

"सगळ्या गावाचंच ऑपरेशन झालं असेल!" लंबू म्हणाला. सगळे खो खो हसले. डबलही हसली. मग ती मोरीपाशी गेली आणि त्या वाट्यांकडे बराच वेळ बघत राहिली. लोकांनी पाव संपवले होते. टाकलं होतं ते सूप.

शनिवारी लंबू रांगेत पहिला. चमचा चाटूनपुसून म्हणाला, "बाई, अमृत!"

मग डबल. बाईंची नजर तिच्या तोंडावर खिळली. तिने चाखलं. "छान" म्हणायला तोंड उघडलं आणि कालच्या अर्ध्या वाट्या आठवल्या. खोटं बोललं तर बावीस वर्षांचं स्वप्न हातात होतं. हातात काय, ओंजळीत होतं.

"बाई, गोड झालंय," ती म्हणाली.

मावशी हातातली वाटी ठेवून पुढे आल्या.

"फार गोड. आजचंच नाही, तीन महिने होतंय. मला ऑपरेशनपासून गोड सोसत नाही, ते मी लपवलं. वाटलं, दोष माझ्याच जिभेचा. पण वाट्या परत येतायत, बाई. त्या लोकांची कुठे ऑपरेशनं झालीत?"

"बाईंच्या हाताला नावं ठेवतेस?" लंबू उसळला. "तू? जिला धड वाटीभर जात नाही ती?"

"चव कळायला चमचा पुरतो रे," डबल म्हणाली.

बाईंनी लंबूला हातानेच गप्प केलं. "काय घालू मग?"

"साखर आज पुरे. चार लिंबं आणि चिमूट चिमूट करत मीठ."

"घाल तू."

तिने लिंबं पिळली, मीठ टाकलं, ढवळलं, चाखलं, आणखी चिमूटभर टाकलं आणि थांबली. मग चमचा मावशींना दिला. मावशींनी चाखलं आणि चमचा पुन्हा पुढे केला. रांग मोडली. सगळे पातेल्याभोवती जमले. लंबूनेही चाखलं. या वेळी तो अमृत वगैरे म्हणाला नाही. गुपचूप वाटी घेऊन आला. डबलला वाटलं, आत्ता अठरा काय, छत्तीस पायऱ्या चढून जावं.

बाईंनी मोठी पळी तिच्या हातात दिली. "आजपासून शेवटचा हात तुझा."

"पण बाई," डबल पुटपुटली, "माझी जीभ बदललीय. तिचा काय भरवसा?"

बाई तिच्या कानाशी वाकल्या. "तुझी बदलली तरी आहे, पोरी. माझी दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेली ती गेलीच. तेव्हापासून मी तुमच्या तोंडांकडे बघून साखर घालतेय. आणि पातेलं देणार म्हटल्यापासून तुमची सगळ्यांची तोंडं खोटंच बोलतायत!"