हाताखालचा खांदा

"थायरॉइडची गोळी चालू, तुझी मालीश चालू, तरी ही दचकूनच राहिली. काऊन?" सून दुर्गेश्वरीच्या उशाशी बसून शकुंतलाबाई कुरकुरल्या. खरं कारण मालीश करणाऱ्या शामकलाच्या जिभेवर आलं, ते तिनं रागासकट गिळलं. "थायरॉइडचं डॉक्टर पाहतील. अंग सैल कसं कराचं, ते तुमीच शिका," म्हणत तिनं म्हातारीचा हात दुर्गेश्वरीच्या खांद्यावर ठेवला. तेवढ्यात अंगणात दुर्गेश्वरीच्या नवऱ्याची मोटरसायकल थांबली आणि हाताखालचा खांदा लाकडासारखा ताठ झाला. म्हातारीनं हात काढला नाही.

"याच्या बापाची सायकल वाजली का माझंबी असंच होत होतं," ती पुटपुटली. मग दाराकडे तोंड करून ओरडली, "ओमेश, तू मारतोस हिले! आमाले सगळ्यांले मालूम आहे!"