बत्तिसावा नंबर

"बत्तीस राहू दे. एक नंबर, तू ये," हेडसर माईकवर म्हणाले.

शिडीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याचा हात भिंतीवरच थबकला. बत्तीस म्हणजे त्याची मुलगी. सातवीतल्या एकेकाने रोज हजेरीच्या नंबराप्रमाणे पुढे यायचं, देशाची प्रतिज्ञा सांगायची आणि मैदानभर उभ्या शाळेने ती मागोमाग म्हणायची, अशी इथली पद्धत. वर्षाच्या मध्यात आली म्हणून तिचा नंबर सगळ्यांत शेवटचा. आज तिची पाळी होती, उद्या पुन्हा एकपासून सुरुवात. आठवडाभर तिने घरी इतकी घोकंपट्टी केली होती की आईबापांचीही प्रतिज्ञा पाठ झाली होती.

पण हे कुटुंब सीमेपलीकडून आलेलं, आणि या देशाचे झाल्याचे कागद अजून कचेरीत अडकलेले. हेडसर मनाने वाईट नव्हते. वर विचारल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसे, एवढंच.

"कागद आले की म्हणेल ती," ते म्हणाले. "चला, एक नंबर!"

एक नंबर म्हणजे ढमी. ती जागची हलली नाही.

"सर, बत्तीस झाल्याशिवाय एक कसा येईल?"

मैदानात खसखस पिकली. हेडसरांनी दोन नंबरला पुकारलं. "माझी पाळी ढमीनंतर, सर." तीन नंबरने नुसती मान हलवली. चौथा म्हणाला, "सर, आधी तिला म्हणू द्या. मग आम्ही सगळे म्हणतो."

"मग राहा उभे उन्हात!"

राहिले उभे. प्रतिज्ञा झाल्याखेरीज पहिल्या तासाची घंटा द्यायची नाही, हा शाळेचा जुना नेम. शिपाई घंटेजवळ हातोडी धरून एकदा हेडसरांकडे, एकदा सातवीकडे बघत होता.

म्हणून टाका रे पोरांनो, रंगारी शिडीवरून मनातल्या मनात विनवत होता. तुमचं काय जातंय? उद्या हिचं नाव शाळेतून काढलं, तर मी कुणाच्या दाराशी जाऊ?

मुलगीही रडकुंडीला आली होती. "म्हण ना गं ढमे. मला काही वाटणार नाही."

"मला वाटेल," ढमी म्हणाली.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. लहान वर्गातली मुलं चुळबुळायला लागली. हेडसरांनी रुमालाने मान पुसली, फाटकाकडे नजर टाकली. विचारावं असं वरचं कुणीच तिथे नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने माईक खाली केला, सातवीच्या मुलीच्या तोंडाशी येईल इतका.

"बत्तीस," ते म्हणाले. "ये."

ती कुठेही न अडखळता म्हणाली. सगळी शाळा तिच्या मागोमाग म्हणाली, शिडीवरचा रंगारीसुद्धा. मग घंटा झाली.

मधल्या सुट्टीत रंगारी खाली उतरला. हात पँटला पुसत ढमीपुढे जाऊन उभा राहिला. आभार मानायचे म्हणून मनात बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं ऐनवेळी पसार झालं.

"पोरी, या गावात आल्यापासून आमच्यासाठी कुणी असं उभं राहिलं नव्हतं," तो म्हणाला. "तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

ढमी लाजून लाल झाली.

"उपकार कसले, काका? माझी पाळी उद्या आहे, आणि मला अजून दुसऱ्या ओळीपुढे काही येतच नाही."

रंगारी हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याच्या मुलीने मात्र ढमीचा हात धरून तिला पायरीवर बसवलं.

"चल," ती म्हणाली, "म्हण माझ्यामागे."