शेवटची अकरा सेकंदं

आईने आधी केस सारखे केले आणि मग हेडफोन चढवले.

“नुसतं वाजवणं ऐकायला नाही आले मी,” तिने ध्वनिमुद्रकाला बजावलं. “शेवटी आमचं भांडण आहे, ते ऐकायचंय. मी म्हणते, पुरे आता, जेवायला चला. तर हे म्हणतात, तू जेव, माझं सुरांनी पोट भरलंय. आणि मागून चार पोळ्या जास्त!”

तिची गायिका मुलगी हसली. तिच्या नव्या अल्बममधलं हे शेवटचं गाणं. खाली संगणकावर बांधलेला ठेका, वर वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी घरी वाजवलेलं अकॉर्डियन. वडिलांचं वाजवलेलं ढीगभर होतं. बोललेलं मात्र या एकाच टेपवर, शेवटची अकरा सेकंदं.

टेप फार जुनी होती. वाजता वाजता तिच्यावरचा थर सुटून येणार, म्हणजे ती एकदाच वाजणार, हे ध्वनिमुद्रकाने आधीच सांगितलं होतं. सकाळी, या दोघी यायच्या आत, त्याने ती संगणकात उतरवून घेतली होती.

त्याने बटण दाबलं. अकॉर्डियन अगदी स्वच्छ ऐकू आलं. आईची बोटं गुडघ्यावर चालू लागली. शेवटचा सूर लांबला, विरला. मग काहीच नाही.

“बंद पडलं का रे?” आई मोठ्याने म्हणाली. कान झाकलेले असल्याने तिला स्वतःचा आवाज कळत नव्हता.

गायिकेने पडद्याकडे पाहिलं. सुरानंतर सरळ, सपाट रेघ.

“दादा, बोलणं कुठंय?”

“काल जाहिरातीचं काम होतं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पंख्याची घरघर येत होती, म्हणून बारीक आवाज आपोआप कापायची सोय लावली होती. ती काढायची राहिली. त्यांचं बोलणं फार हळू होतं, ताई. सूर संपल्यावर एकदम शांत झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. हात पोचेपर्यंत टेप संपली.”

“पुन्हा लावा.”

त्याने टेपचं चाक तिच्यापुढे धरलं. पट्टीतून आरपार दिसत होतं. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी साचली होती.

“काय म्हणतोय तो?” आईने विचारलं.

गायिकेने चाक त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं.

“शेवट असा कोरा नको राहायला,” ध्वनिमुद्रक म्हणाला. त्याला हातांना काहीतरी काम हवं होतं. “जुन्या तबकडीची खरखर आहे तयार. बाकीच्या गाण्यांत घातलीच आहे आपण.”

त्याने खरखर जोडली आणि शेवट पुन्हा लावला.

सूर विरला. खरखर सुरू झाली. आई ताठ बसली. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले आणि डोळ्यांनीच दोघांना दटावलं.

“गप्प बसा,” ती म्हणाली. “आता मी बोलते. मग हे.”

खरखर वीस सेकंदांचीच होती. ती संपत आली तसं ध्वनिमुद्रकाने गायिकेकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने तीच खरखर पुढे पुन्हा जोडली.