तिसऱ्या वळणावरची मगर

निवृत्त नकाशाकार काका सात वर्षं वर्षावनातल्या नदीसफरीचा बेत आखत होते. भिंतभर नदीचा नकाशा, त्यावर एकूणएक वळण, धक्के, लाल शाईने मगरींच्या जागासुद्धा. काकू दरवर्षी विचारायच्या, "अहो, निघायचं कधी?"

काका पेन्सिलीला टोक काढत म्हणायचे, "थांब गं. तिसऱ्या वळणावरच्या मगरीचं अजून पक्कं नाही."

यंदा काकूंनी विचारलंच नाही. "तुमच्या ताईंबरोबर आठ दिवस जाऊन येते," एवढंच म्हणाल्या. कुठे, हे काकांनीही विचारलं नाही. मान खाली घालूनच "बरं" म्हणाले.

पाचव्या दिवशी फोटो आला. होडीत नणंद-भावजय, अंगात लाइफ जॅकेट, मागे घनदाट जंगल. खाली काकूंचा मेसेज :



"अहो, मगरीचं पक्कं झालं. उजव्या काठाला काढा."