वाकडं हसू

समोरच्या फ्लॅटमधली टेलरबाई जिन्यात थांबवून म्हणाली, “ताई, भाऊजींचं हसू हल्ली मधूनच एका बाजूला वाकडं होतं. डॉक्टरांना दाखवून घ्या.”

माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या नवऱ्याचं हसू ही बया निरखतेच कशाला?

तरी दाखवलं. मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी चोंदली होती. डॉक्टरांनी स्टेंट बसवला, लकवा टळला. सगळं घर टेलरबाईचे गोडवे गाऊ लागलं.

नणंद तर ह्यांच्या खाटेशी बसून मलाच म्हणाली, “वहिनी, दादा चोवीस तास तुझ्यासमोर असतो. तुला कसं गं दिसलं नाही?”

काय सांगणार तिला?

&nbsp;

माझ्यासमोर कधी हसले असते, तर दिसलं असतं ना!