कोरं भेंडोळं

पदवीदानाच्या मंडपाबाहेर फोटो काढणारा श्रीरंग प्रत्येकाच्या हातात तेच भेंडोळं द्यायचा. आत नुसता कोरा कागद. गणित चौथ्यांदा राहिलं तेव्हा त्याने याच कॉलेजातलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सोडलं होतं.

रांगेतून कैवल्य आला, त्याचा प्रोजेक्टमधला जोडीदार. गळ्यात उपरणं, शेजारी आई. श्रीरंगच्या पोटात दुखायला लागलं. कैवल्यची पापणी मिटेपर्यंत तो थांबला आणि नेमकं तेव्हाच त्याने बटण दाबलं.

“झकास आलाय,” तो म्हणाला.

“आई, हाच श्रीरंग,” कैवल्य म्हणाला. “आमचा प्रोजेक्ट यानेच केला. मी नुसता शेजारी बसून वडे खायचो.”

आईने डब्यातला पेढा श्रीरंगच्या हातावर ठेवला.

पोटातलं दुखणं काही गेलं नाही. तरी त्याने भेंडोळं पुन्हा कैवल्यच्या हातात दिलं. “थांब जरा. डोळे मिटले होते तुझे.”